बोकशीत अडकलेला चेंडू

(पूर्णगडचे शांताराम मास्तर यांनी रत्नागिरीत आपल्या घरी सांगितलं, तसं)

माझा जन्म पूर्णगडचा. किल्ल्याच्या खाली, खाडी समुद्राला मिळते तिथं आमची खारव्यांची वाडी, घरातून बाहेर पाऊल टाकलं की पाय वाळूतच. आमचा बापूस तांडेल होता, गोपाळ तांडेल म्हटलं की जयगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत माणसं ओळखायची. तांडेल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, गलबत असतं शेठचं, माल असतो व्यापाऱ्याचा, पण एकदा शीड वर चढलं की हुकूम फक्त तांडेलाचा, मग स्वतः शेठ का बसलेला असेना. बापूस म्हणायचा, गलबतावर तोंड एकच. आणि नुसतं म्हणायचा नाही हां. एकदा आमच्या खाडीच्या तोंडाशी, तिथं वाळूचा दांडा आहे, भल्याभल्यांची गलबतं बसलीत तिथं, तर तिथं शेठ घाबरून ओरडला, शीड उतरवा, आणि एका खलाशाने शेठचं ऐकून दोर सोडला. थोडक्यात वाचलं गलबत. बापूस शेठला चकार शब्द बोलला नाही, पण त्या खलाशाला बंदरात उतरवलं ते पुन्हा कधी चढवलं नाही, आणि तो होता माझ्या आयशीचा चुलतभाऊ. आयशीने कितीतरी दिवस अबोला धरला होता, पण बापसाचा निकाल तो निकाल. ही गोष्ट मी उगाच नाही सांगत, पुढं परत यायची आहे ती.

तर खेळाचं विचारताय ना, खेळ मला बापसानेच शिकवला, पण तो तुमचा बास्केटबॉल नव्हे, आमचा खेळ अट्यापाट्या. ओहोटी लागली की ओल्या वाळूत टाचेने आडव्या रेघा मारायच्या, त्या पाट्या, एकेका पाटीवर एकेक गडी उभा, आणि सगळ्या पाट्यांना मधून कापत जाणारी एक लांब उभी रेघ, ती सूरपाटी. समोरच्यांनी पाट्या ओलांडून पलीकडं जायचं नि परत यायचं, आणि पाटीवाल्याने त्यांना हात लावायचा. हात लागला की मेला. सूरपाटीवर जो उभा राहतो त्याला सूर म्हणतात, तो पुढं मागं सगळीकडं धावतो, त्याच्या हातून सुटणं कठीण. बापूस पूर्णगडचा सूर होता, आणि पावसाळ्यात गलबतं किनाऱ्याला ओढून ठेवली की ऊन पडेल त्या दिवशी आम्हा पोरांना घेऊन वाळूत उतरायचा. मला म्हणायचा, माणसाच्या डोळ्यांत बगू नको, डोळे फशिवतात, कंबर बग, कंबर वळंल तिकडं मानूस जानार. आणि हात. हात असा पुढं काढायचा की त्याला कळायच्या आत तू त्याला लावलेला असला पायजे. काय सांगू तुम्हाला, माझ्या हाताला ती सवयच लागली, आयशी चुलीवरून भाकरी काढून टोपलीत टाकायची तर टोपलीत पडायच्या आधी मी तिला हात लावलेला असायचा, मग पळीचा फटका.

शाळा पूर्णगडात चौथीपर्यंत. पुढं बापसाने मला रत्नागिरीला मांडवीत मावशीकडं ठेवलं, कारण काय, तर बंदरावरचा कारकून इंग्रजी कागद वाचून दाखवताना बापसाला हसायचा, म्हणून मुलग्याला इंग्रजी यायला हवं. तेवढंच त्याच्या मनात होतं. कागद वाचता येणारा तांडेल. मी मॅट्रिक झालो तेव्हा खरं तर तो म्हणाला, झालं, आता चढ गलबतावर, पण आमच्या ज्ञातीतल्या एका भल्या माणसाने बापसाला समजावलं, मुलग्याला मुंबईला पाठव, फीचं मी बघतो, तेव्हा रत्नागिरीत कॉलेज कुठलं होतं. बापूस कबूल झाला, पण कबूल होताना असा चेहरा केला जसा काही मी परत येणारच नाही. आमच्यात तांडेलाचा मुलगा तांडेल, आणि मी एकुलता एक, वर तीन बहिणी. शिवाय त्याला संध्याकाळचं दूरचं दिसेनासं झालं होतं, हे तो कुणाला सांगत नव्हता पण आयशीला माहीत होतं. आयशीला मात्र मी जमिनीवर राहिलेला हवा होता. तिने सोड्यांची पुरचुंडी दिली नि म्हणाली, जा बाबा, वायच वेळेवर जेव.

मुंबईला माझगावात आमच्या गाववाल्या खलाशांची खोली होती, तिथं ट्रंक ठेवली आणि कॉलेजात जायला लागलो. एक दिवस मैदानावर बघतो तर खांबाला उंच लोखंडी कडं बांधलेलं आणि पोरं त्यात चेंडू टाकतायत. मी आपला कडेला उभा. शिकवणारे होते परेरा सर, वसईकडचे, मद्रासला जाऊन ही कसरतीची विद्या शिकून आलेले, उंच, सावळे, गळ्यात शिट्टी. तेव्हा हा खेळ नवाच होता, बघायला यायचे तेही बघून हसायचे. सरांनी मला हाक मारली, ए, उभा काय राहिलास, ये, याला अडव. समोर मधू होता, गिरगावातला, काय पोरगा होता, चेंडू त्याच्या हातातून सुटला की कड्यात गेलाच म्हणून समजा. मी त्याच्या कंबरेकडं बघितलं, तो डावीकडं जातोय असं दाखवून उजवीकडं निघाला, तर मी उजवीकडं आधीच हजर. परत डावीकडं, मी डावीकडं. सर ओरडले, अरे हा कुठला, याला कुणी शिकवलं. मी सांगितलं, बापसाने. सर म्हणाले, बापूस बास्केटबॉल खेळतो? म्हटलं नाही, गलबत चालवतो. त्याच दिवशी त्यांनी मला घेतलं, म्हणाले तू गार्ड. गार्ड म्हणजे राखणदार, आपल्या कड्याशी थांबायचं आणि समोरच्याला टाकू द्यायचं नाही. मला वाटलं, हा तर सूरच झाला.

पण इथंच घोटाळा होता. मधू निसटतोय असं वाटलं की माझा हात आपोआप पुढं जायचा आणि त्याला लागायचा, आणि हात लागला की मी थांबायचो, हसायचो, मनात म्हणायचो मेला हा, आणि इकडं सरांची शिट्टी. फाऊल. आमच्या खेळात जे केलं की शाबासकी, तेच इथं केलं की गुन्हा. एका माणसाचे चार फाऊल झाले की तो बाहेर, खेळ संपेपर्यंत परत यायचं नाही. माझी पहिली मॅच दुसऱ्या एका कॉलेजाशी होती, अर्धा खेळ व्हायच्या आत मी बाहेर. दुसऱ्या मॅचला तेच. तिसऱ्याला सर म्हणाले, शांताराम, आज देवाचं नाव घेऊन हात खाली ठेव, आणि मी ठेवले हो, वायच वेळ ठेवले, आणि मग ते गेलेच. पोरं मला हातलाव्या म्हणायला लागली. मधू तर खानावळीत वाढप्याला सांगायचा, याच्या ताटात वाढताना सांभाळ, हात लावील. हसायचो मी पण, पण खोलीवर आल्यावर वाईट वाटायचं. पाय चांगले होते, नजर चांगली होती, आणि हातच वैरी झालेले.

परेरा सर मात्र चिडले नाहीत कधी. दुसरा असता तर काढून टाकला असता मला. त्यांनी काय केलं, एक पंचा आणला, म्हणाले, पाठीमागं धर हा, दोन्ही हातांनी दोन टोकं, आणि सोडायचा नाही. असा पंचा धरून मला मधूसमोर उभा केला. रोज सकाळी. हात नाहीत असं समजून पायांनी अडवायचं, छातीने अडवायचं, त्याच्या आधी जाऊन जागा धरायची. पहिल्यांदा मी पडायचोच, हातांशिवाय तोल जातो माणसाचा. गुडघे फुटले. पण हळूहळू काय झालं, मी हाताच्या भरवशावर जो आळस करायचो तो गेला, कंबर कळली की पाय आधी पोचायला लागले. सर म्हणायचे, तुझ्या वडिलांनी डोळे दिले, मी पाय देतो. मायाळू माणूस. सुट्टीच्या दिवशी मला घरी जेवायला बोलवायचे, त्यांची बायको बोंबलाचं कालवण करायची, अगदी आमच्यासारखं, फक्त व्हिनेगर घालायची. फाऊल कमी झाले माझे. पण पुरी मॅच मी आत राहिलो असं अजून एकदाही झालेलं नव्हतं.

दिवाळीला घरी गेलो तर बापूस ओटीवर बसलेला, मला बघून उठला नाही. माझगावच्या खोलीवरच्या कुणा खलाशाने त्याला सांगितलं होतं की तुमचा शांताराम चेंडूचा खेळ खेळतो आणि दर वेळी त्याला हाकलून देतात. बापूस म्हणाला, पूर्णगडच्या सुराला हाकलतात? काय करतोस काय तू तिथं. मी सांगायला लागलो तर म्हणाला, मला नको सांगू, मी बगनार. नाताळात आमचं कॉलेज रत्नागिरीला खेळ दाखवायला येणार होतं, शाळेच्या हेडमास्तरांनी बोलावलं होतं, ते त्याच्या कानावर होतंच. म्हणाला, त्या दिवशी मी मिऱ्याच्या बंदरात असेन, येतो बगायला. शेवटपर्यंत आत उभा ऱ्हायलास तर जा परत मुंबईला, शीक, खेळ, काय करायचं ते कर. आनि हाकललं तर मग पुस्तकं गुंडाळ नि त्याच पावली गलबतावर चढ. जिथं ठेवीत नायत तिथं कशाला ऱ्हायचं. आयशी आतून म्हणाली, अवो, पोराचं ऐका तरी. बापूस म्हणाला, ऐकलं. आणि उठून खाडीकडं निघून गेला. सांगायचं तर मलाच त्याच्या डोळ्यांकडं बघून वाटत होतं की जावं गलबतावर, तो काही चुकीचं मागत नव्हता. पण मला खेळायचं होतं, शिकायचं होतं.

आगबोटीने आम्ही दहा जण आणि सर रत्नागिरीला आलो. मुंबईची पोरं बोटीवर अशी ओकत होती की काय सांगू, मधू म्हणत होता, मला इथंच समुद्रात टाका आणि घरी तार करा. आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना त्या गडबडीत एक गोणता पाण्यात गेला, त्यात दोन्ही कड्यांची जाळी होती. कडी तेवढी राहिली. शाळेच्या मागं कातळ होता, चांगला सपाट, तिथं हेडमास्तरांनी सुरूचे वासे पुरून फळ्या मारून ठेवल्या होत्या, कडी बसली, पण जाळ्याशिवाय चेंडू कड्यातून गेला की बाजूने गेला ते लांबून कळत नाही. सर म्हणाले, आता जाळं कुठून आणायचं. मी म्हटलं सर, तुम्ही कुठं आलाय. आणि मिऱ्याला बापसाकडं गेलो. तो गलबतावर होता, मी एवढंच सांगितलं की एवढ्या रुंदीचं कडं, त्याच्या खाली जाळं हवं, चेंडू त्यात जातो. त्याने मान हलवली. एका दुपारात दोन जाळी विणून दिली, बारीक मजबूत दोरीची, घरं कशी एकसारखी.

दुसऱ्या दिवशी खेळाला हीऽ गर्दी. सगळी मांडवी आलेली, बाजारातली माणसं आलेली, पोरं शाळेच्या दगडी गडग्यावर चढून बसलेली. आम्ही दहा जणांचे दोन संघ केलेले, पाच जण पांढऱ्या गंजीफ्रॉकात, आणि आम्हा पाच जणांचे गंजीफ्रॉक मावशीने हळदीत बुडवून पिवळे केलेले, घाम आला की अंगावर हळदीचे ओघळ. मधू पांढऱ्यांत, मी पिवळ्यांत, त्याला अडवायचं काम माझं. शिट्टी झाली आणि पहिलाच चेंडू मधूने लांबून टाकला, बरोब्बर कड्यात. आणि तो खाली आलाच नाही. आम्ही सगळे वर बघतोय, सर शिट्टी तोंडात धरून वर बघतायत, चेंडू जाळ्यात बसलेला. बापसाने बोकशी विणली होती हो. बोकशी म्हणजे खाडीत लावतो ते पिशवीसारखं जाळं, तिचं बूड दोरीने आवळून बांधलेलं असतं, मासळी काढायची तेव्हा दोरी ओढून मोकळं करायचं. बापसाला खाली भोक ठेवलेलं जाळं कसं सुचणार, आणि मी तरी सांगायला नको होतं काय, पण जाळ्याला बूड असतं हे मलाही एवढं अंगवळणी पडलेलं की माझ्याही डोक्यात आलं नाही. सर बापसाला म्हणाले, तांडेल, चेंडू खाली पडायला हवा. बापूस म्हणाला, पडंल कशाला, जाळ्यात ग्येलाय तो. गर्दीत हशा. मग त्याने शांतपणे लोंबती दोरी ओढली, बूड उघडलं, चेंडू त्याच्या हातात. तेव्हा नियम असा होता की गोल झाला की चेंडू परत मधे नेऊन उडवायचा, त्यामुळं कुणाचं काही बिघडत नव्हतं. सर हसले, म्हणाले, असू दे, छान आहे. झालं, समोरच्या कड्याखाली बापूस दोरी धरून उभा, आमच्या कड्याखाली त्याचा एक खलाशी, गोल झाला की ओढायची दोरी, चेंडू द्यायचा, परत बूड आवळायचं. लोकांना त्यातच जास्त गंमत.

पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. गर्दी सगळी अट्यापाट्यांत वाढलेली, त्यांना एकच कळत होतं की हा पिवळा सूर आहे आणि तो पांढरा निसटतोय. मधू चेंडू घेऊन आला की चहूकडून ओरडा, लाव हात, शांताराम, लाव, मार त्याला. लहानपणापासून ज्या आवाजावर हात पुढं गेलेत तोच आवाज. पहिला फाऊल तसाच झाला. दुसराही तसाच. सरांनी अर्ध्या खेळाला मला जवळ बोलावलं, माझा हात हातात घेऊन दाबला, त्यांना दिवाळीचं सगळं मी सांगितलेलं होतं. मग बाजू बदलल्या, आणि आता मी राखत होतो ते कडं बापसाचं. तो बरोबर माझ्या पाठीमागं. आणि त्याला राहवेना हो. सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. लाव हात, मेल्या, जातोय तो, लाव. त्याला बिचाऱ्याला कुठं माहीत की हात लावल्यानेच मला हाकलतात. मी त्याला दिवाळीत सांगायला गेलो होतो, तर म्हणाला होता नको सांगू. तिसरा फाऊल त्याच्या आवाजावर झाला. आता एक हात लागला की मी बाहेर, आणि ट्रंक गलबतावर.

शेवटाला आलं तेव्हा आम्ही एका गोलने पुढं होतो. गडग्यावरची पोरं उतरून रेघेपाशी आलेली. मधूने चेंडू घेतला नि आला, आणि मित्र असला तरी त्या वेळेला मित्र नव्हता तो, डोळे बारीक केलेले. मी त्याची कंबर बघितली, डावीकडं, मी डावीकडं, उजवीकडं, मी उजवीकडं, परत डावीकडं, आणि तिथं कातळाच्या एका खळग्यात माझा पाय पडला आणि मी अर्धं पाऊल मागं राहिलो. अर्धं पाऊल म्हणजे हात पोचतो एवढंच अंतर. मागून बापूस ओरडला, लाव. माझा हात निघाला. मी खोटं नाही सांगत, माझा हात निघालेला होता, आणि मी दोन्ही हात पाठीमागं नेऊन माझाच गंजीफ्रॉक मुठीत धरला, पंचा धरायचो तसा, आणि नुसता उडी मारून त्याच्या समोर गेलो. त्याने माझ्या डोक्यावरून टाकला. गेला कड्यात. बरोबरी झाली. परत चेंडू मधे उडवला, परत मधूकडेच आला, आणि परत तेच झालं, बापूस ओरडतोय, माझे हात मागं, आणि मधूने परत टाकला आणि परत गेला. आणि सरांची लांब शिट्टी, खेळ संपला. आम्ही हरलो.

सगळे ओरडत आत घुसले, पण चेंडू खाली येईना. बापूस दोरी धरून तसाच उभा. मी त्याच्यापुढं गेलो, मान खाली, हळदीचे ओघळ नाकावरून. तो म्हणाला, दोनदा हाताशी आला व्हता तुज्या, का नाय लावलास. मी म्हटलं, लावला असता तर मला बाहेर काढलं असतं. या खेळात हात लावायचाच नसतो, लावलेले चालतात ते तीनच, मला म्हणून तर हाकलतात. तो म्हणाला, मी ओरडत व्हतो ते तुला ऐकू आलं नाय? म्हटलं, आलं. मग? म्हटलं, सरांनी सांगितलंय हात लावायचा नाही. बापूस सरांकडं बघायला लागला, गळ्यातल्या शिट्टीकडं बघितलं त्यांच्या, मग माझ्याकडं. मला वाटलं आता हा मला मारणार. आजूबाजूची माणसं पण दोन पावलं मागं सरली, सगळ्यांना त्याचा राग माहीत. तो म्हणाला, बराबर केलंस. खेळात तुजा तांडेल ह्यो. मी मधे ओरडाया नको व्हतं. माज्या गलबतावर कोन असं मधे बोलला असता तर मी काय केलं असतं तुला ठावं हाय. आणि त्याने दोरी ओढली, चेंडू खाली पडला, माझ्या पायाशी, आणि मग ती दोरी त्याने जाळ्यातून सबंध काढूनच घेतली, गुंडाळली आणि कंबरेला खोचली. जाळ्याचं बूड मोकळं राहिलं. म्हणाला, शेवटपर्यंत आत व्हतास ना तू? जा मग मुंबईला.

मी तिथंच कातळावर बसून रडलो, लाज कशाला बाळगू आता. बापूस सरांकडं गेला, म्हणाला, मास्तर, पोर तुमच्या हवाली. सरांनी हात जोडले. नंतर दोघं गडग्यावर बसून तंबाखू खात होते आणि मधू मला येऊन म्हणतो, हातलाव्या, आज तू मला हात का नाही लावलास रे, मला चुकल्यासारखं झालं.

पुढची दोन वर्षं मी कॉलेजचा गार्ड होतो, पहिला गार्ड, आणि बाहेर काढलं असं परत क्वचित झालं. आम्ही एकदा अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि तिथं हरलो, जिंकलो असतो तर बरं वाटलं असतं. शिक्षण झालं, मुंबईत नोकरी मिळत होती, पण मी रत्नागिरीला परत आलो, शाळेत ड्रिल मास्तर झालो, आणि पहिलं काम काय केलं तर त्याच कातळावर कडी कायमची बसवली. गलबतावर माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा चढला, बापसाने त्यालाच तयार केला, चांगला तांडेल निघाला तो. बापसाला मात्र मनातून मीच हवा होतो, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं, आम्ही कधी बोललो नाही त्यावर. डोळे गेल्यावर तो घरीच असायचा. तरी दर वर्षी माझ्या पोरांसाठी जाळी विणून द्यायचा, हाताच्या अंदाजाने, खाली मोकळी ठेवून, आणि दर वेळी म्हणायचा, भोक ठिवून जाळं विननारा पूर्णगडात मी एकटाच. शेवटचं जाळं त्याचं अर्धंच राहिलं, ते मी पुरं केलं. ती कंबरेला खोचलेली दोरी त्याने तंबाखूच्या चंचीला लावली होती, ती चंची त्याच्याबरोबरच गेली.

आता माझंही वय झालं, ही गेली, मुलगा सून इथंच असतात, करतात माझं प्रेमाने. तक्रार नाही कसली. माझी नात खेळते, मीनल, ती पण गार्ड, आणि हाताची सवय तीच, बघा कशी रक्तातून येते. आता नायलॉनची जाळी मिळतात बाजारात. संध्याकाळी मी काठी घेऊन मैदानावर जातो, कड्याखाली एक दगड आहे त्यावर बसतो. बाकीच्या पोरींचे आईबाप रेघेवर उभे राहून ओरडत असतात, असं कर, तसं कर, धर तिला. परवा घरी येताना मीनल रुसून म्हणाली, आजोबा, सगळ्यांच्या घरचे सांगतात, तुम्ही एवढे खेळलेले, तुम्ही का कधी काही बोलत नाही. मी म्हटलं, तुला सांगणाऱ्या बाई शिट्टी घेऊन उभ्या आहेत ना तिथं, त्यांचं ऐक. तू खेळ सुखाने, मी आपला चेंडू जाळ्यातून खाली पडताना बघायला येतो.